लाल बत्ती आणि पुढची जागा

मोटारीतल्या बत्तीवर माझा राग नाही. ती बिचारी लागते आणि विझते, तिला जीभ नाही. माझा राग आहे तो बत्ती पाहून बोलणाऱ्या माणसांवर, आणि तो इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही. परवा माझा लेक प्रशांत तोंड वाकडं करून घरी आला. त्याच्या गाडीत पिवळी बत्ती लागते, इंजिनाच्या आकाराची, आणि एक-दोन दिवसांनी आपोआप विझते. वर्कशॉपात मशीन लावून पाहिलं, एक सामान बदललं, मग दुसरं बदललं. पण गाडी वर्कशॉपच्या दारात गेली की बत्ती अशी गप्प, जशी पाहुण्यांसमोरची नवी सून. मी त्याला विचारलं, कधी लागते रे? तर म्हणे, केव्हाही लागते आई, तिचा काही नेम नाही. केव्हाही काहीच लागत नाही बाप्पा. नेम असतोच. पाहणाऱ्याला दिसत नाही तेव्हा तो म्हणतो नेम नाही. एवढा शिकलेला माझा लेक, हातात फोन, फोनात अख्खी दुनिया, आणि आपली गाडी कधी रुसते ते त्याला सांगता येईना. मला हसू आलं आणि लगेच आमच्या घरची ती काळी मोटार आठवली. त्या मोटारीतल्या एका लाल बत्तीनं माझी शाळा जवळजवळ खाल्ली होती. बत्तीनं म्हणजे माणसांनीच, पण नाव बत्तीचं.

आमचं घर कारध्याहून आत, तलावांच्या गावात. पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणारी माणसं आम्ही. घरात शिरलं की आधी वास यायचा, मग माणूस दिसायचा. अंगणात बांबूवर जाळी वाळत, परसात टोपली उपडी, आणि ओसरीवर मोठेबाबा, म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. दिवस उजाडायच्या आधी ते एकदा खाकरायचे आणि ते खाकरणं म्हणजे घराचा भोंगा. मग माझी माय चूल पेटवायची, बाबा जाळं खांद्यावर टाकून निघायचे, आणि मोठीमाय, मोठेबाबांची बायको, उंबरठ्यावर पाणी शिंपडत एकेका देवाचं नाव घ्यायची. मोठीमायला लेकरू नव्हतं. मी तिचीच. मायच्या हातचं जेवण आणि मोठीमायच्या हातचं भरवणं, असे माझे दिवस गेले. लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, तांदळाची गरम भाकर, आणि पाट्यावर लसूण-मिरचीसोबत वाटलेली वाळल्या झिंग्यांची चटणी. त्या चटणीचा जाळ नाकातून निघायचा. आता माझी सून म्हणते, झिंगे भाजू नका आई, फ्लॅटभर वास जाते. जाते तर जाऊ दे. वासानं कोणी मेलं नाही अजून.

मोठेबाबांनी त्या साली गावाजवळचे दोन तलाव ठेक्यानं घेतले आणि त्यांच्या डोक्यात हवा गेली. आतापावेतो मासोळ्या सायकलच्या कॅरिअरवर टोपलं बांधून भंडाऱ्याला जात होत्या आणि बऱ्या जात होत्या. पण ठेकेदार माणूस सायकलवर कसा शोभणार? त्यांनी भंडाऱ्याच्या एका वकिलाची जुनी मोटार आणली. काळी, गोल पाठीची, पुढे एक लांब गादीची सीट. मागची सीट काढून टाकली आणि तिथे ओल्या पोत्यांवर टोपली ठेवायची. वकिलाच्या मोटारीत ठाण मांडून बसलेल्या आमच्या मासोळ्या पाहून गाव हसलं. मोठेबाबांना वाटलं, गाव जळतं. माणसाला स्वतःवरचं हसू कळलं नाही की तो फार सुखी असतो.

मोटार चालवायला मोठीमायचा भाऊ आला, कोंढ्याहून. धनराजमामा. हा माणूस कधीतरी एका ट्रकवर एक पावसाळा क्लीनर होता, आणि तेवढ्या भांडवलावर त्यानं पुढं आमच्या घरी बसून भाकर खाल्ली. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, केसांना एवढं तेल की मोटारीला कमी पडलं तर तिथून काढावं. सकाळी भंडाऱ्याला जाऊन मोटार उभी करायची, बाबा बाजारात मासोळ्या विकत बसणार, आणि हा दिवसभर पानठेल्यावर मोटारीच्या गोष्टी सांगत बसणार. सांजेला परत. त्याला कोणी काही म्हणत नव्हतं, कारण मोटार चालवता येणारा घरात तो एकटाच होता. एकाच माणसाला काही येत असलं की तो कसा वागतो ते मी त्याच्याकडून शिकले.

माझी गावातली शाळा सातवीला संपली. पुढची शाळा भंडाऱ्याला, नदीपलीकडे. एसटी यायची ती दुपारची, आणि मुलीला सायकल देणं आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी हट्ट धरला, माय गप्प राहून माझ्या बाजूनं झाली, आणि बाबांनी खाली मान घालून विषय काढला. मोठेबाबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मोटार त जाऊनच राहिली. पोरगी बसली काय अन् टोपलं बसलं काय." असं माझं शिक्षण ठरलं. टोपल्याच्या भावानं का होईना, मी आठवीत गेले. पुढच्या सीटवर मामा, मधे बाबा, आणि खिडकीशी मी. ती खिडकीची जागा म्हणजेच माझी शाळा होती. ती गेली असती तर शाळा गेली असती, दुसरा रस्ताच नव्हता. वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मला काय त्याचं? कारध्याच्या पुलावर मोटार चढली की खाली वैनगंगा दिसायची, आणि मला वाटायचं, आता कोणी परत बोलावलं तरी मी थोडीच जाते.

पहिले काही आठवडे नीट गेले. मग एका सकाळी, गावाबाहेरच्या खाचखळग्यांत, मामाच्या समोरची छोटी लाल बत्ती लागली. ती तेलाची बत्ती. मोटार विकताना वकिलानं बजावून सांगितलं होतं की ही लागली तर गाडी तिथल्या तिथे थांबवा, नाही तर इंजिन जागीच बसेल. मामानं घाबरून गाडी थांबवली. बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली. तेल काठोकाठ. मग दोघं पुरुष इंजिनाकडे असे पाहत उभे राहिले जसे मयताला आले आहेत. थोड्या वेळानं मोटार चालू केली, बत्ती नाही. निघालो. बाजारात पोचेपर्यंत बोली होऊन गेली होती आणि मासोळी मऊ पडली होती.

मग हे होतच राहिलं. कधी आमच्या रस्त्यावर, कधी पुलाच्या सांध्यावर गचका बसला की, कधी परत येताना. आठवड्यात एखादा दिवस, मग दोन, मग त्याहून जास्त. प्रत्येक वेळी थांबायचं, पट्टी काढायची, तेल पाहायचं. मागे टोपल्यांतून पाणी गळायचं आणि मासोळ्यांवर ऊन चढायचं. मोठेबाबांनी मोटार भंडाऱ्याच्या बाबूलाल मिस्त्रीकडे पाठवली. हा बाबूलाल म्हणजे मिस्त्री कमी आणि महाराज जास्त. पायरीवर बसून विडी ओढत तो इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकायचा. त्याच्यासमोर बत्ती एकदाही लागली नाही. तरी त्यानं तेल बदललं. मग इंजिनावरचं तेलाचा दाब पाहणारं बटण बदललं. मग म्हणाला पंप गेला, पंप उघडला, पुन्हा बसवला. शेवटी म्हणाला, अख्खं इंजिन खाली उतरवावं लागेल. जे दिसलं नाही त्यावर त्यानं एवढे उपचार केले, दिसलं असतं तर काय केलं असतं देव जाणे. प्रशांतच्या वर्कशॉपवाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचा वंश जुना आहे.

इंजिन उतरवण्याचं ऐकून मोठेबाबा दचकले आणि घरात बैठक बसली. तिथे धनराजमामा काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "भाऊजी, म्या नीट पायलं. शेवंती पुढं बसली का बत्ती लागते. तिची सुट्टी राहिली का नाही लागत. मिस्त्रीकडं गेलो तवा ती नव्हती, नाही लागली. इतवारी मी अन् लहाने भाऊजी गेलो, नाही लागली."

शेवंती म्हणजे मी, आणि हे खोटं नव्हतं बरं का. हीच त्यातली गोम. आयुष्यात एकदा त्या माणसानं काही नीट पाहिलं, आणि तेही असं. मी मनातल्या मनात सगळे दिवस फिरवून पाहिले. खरंच, मी नसताना बत्ती लागलेली कोणाला आठवेना. मोठेबाबांनी मोठीमायला आत बोलावून काहीतरी विचारलं, मोठीमायनं मायला विचारलं, मायनं मान हलवली. मी वयात आले होते त्याच साली. एवढं पुरे झालं. पोरगी वयात आली, मोटार लोखंडाची, लोखंडाला विटाळ चालत नाही, असं शास्त्र त्या दिवशी आमच्या ओसरीवर तयार झालं. मासोळ्या मात्र चालत होत्या. ओली पोती, सडकं पाणी, मामाच्या विड्यांची थोटकं, सगळं त्या लोखंडाला चालत होतं. मोटारीवरून नारळ उतरवला आणि मला घरी बसवलं.

आणि बत्ती बंद झाली. तुम्हीच सांगा, याहून मोठा पुरावा काय पाहिजे? रोज सांजेला मामा अंगणात उतरला की मोठ्यानं म्हणायचा, आज काही नाही लागली भाऊजी. मी चुलीपुढे बसून ऐकायची. माझी पुस्तकं मायनं तांदळाच्या कणगीवर ठेवली होती. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? मलाही वाटायला लागलं होतं. हात धुताना मी हातांकडे पाहायची. असं आहे ते. दहा मूर्ख एकच गोष्ट रोज बोलले की अकरावा शहाणा राहत नाही. त्यातच भंडाऱ्याहून निरोप आला, पोरगी आणखी गैरहजर राहिली तर नाव काढून टाकतील.

तेवढ्यात कोंढ्याला लग्न निघालं, मोठीमायच्या भाच्याचं. लग्नाला अख्खं घर चाललं म्हणून मोठेबाबांनी मलाही नेलं, पण मागे बसवून, माय आणि मोठीमायच्या मधे, गोधडीवर. निघताना मोठीमायनं पुढच्या दारातून वाकून, मोटारीच्या डॅशबोर्डखाली हात घालून काहीतरी केलं. ते ती माझ्या शाळेच्या दिवशीही करायची, मला वाटायचं कुंकू लावते. अर्ध्या वाटेवर बत्ती लागली. मामानं गाडी थांबवली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलायची गरज नव्हती. मोठेबाबा समोर पाहत म्हणाले, "मागं बसवली तरी." त्या लग्नात मी वडे पानात तसेच ठेवले, आणि लग्नाचे वडे मला फार आवडतात.

परतताना गोष्ट उलटी झाली. मोठेबाबा, मोठीमाय आणि मामा पुढच्या विधींसाठी थांबले. बाबांना तलावावर जाळ्याला माणसं लावायची होती, परतणं भाग होतं. तेव्हा कळलं की बाबा मोटार चालवू शकतात. इतके दिवस मामाच्या बाजूला बसून त्यांनी सगळं पाहून ठेवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. माझा बाप असाच. त्याला सगळं यायचं, फक्त थोरल्या भावासमोर काही यायचं नाही. माय मागे लग्नाची भांडी धरून बसली आणि बाबा मला म्हणाले, बस पुढं, मले खड्डे सांग. मी बसले. बैलगाडीच्या चालीनं आम्ही निघालो. मी खड्डे सांगत होते आणि डोळा बत्तीवर. एवढे गचके बसले, पण बत्ती लागली नाही. गाव आलं तरी लागली नाही.

आता मला विचार करणं भाग होतं. मी आहे, मी पुढे आहे, आणि बत्ती नाही. मग जाताना काय होतं जे आता नाही? मामा नाही. पण मामा तर सुट्टीच्या दिवशीही असतो. मोठेबाबा नाहीत, ते तर रोजच नसतात. मोठीमाय नाही. खरं सांगते, क्षणभर मला फार आनंद झाला की विटाळ माझा नाही, मोठीमायचा निघाला. मग लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की शाळेच्या दिवशी मोठीमाय मोटारीत बसतच नव्हती. ती फक्त दाराशी येऊन डॅशबोर्डखाली हात घालायची, मी जाणार असले की घालायची, आणि सांजेला मी आले की पुन्हा घालायची. आज तिनं हात घातला नव्हता.

बाबा फाटक उघडायला उतरले. इंजिन चालूच होतं. मी वाकून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वर तारांचा एक जुडगा होता, जुन्या पद्धतीच्या, कापडाचं वेष्टण असलेल्या, आणि त्याला लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधलेला. तिथे एका तारेचं कापड घासून निघालं होतं, आतलं तांबं चमकत होतं, आणि खालच्या लोखंडी पट्टीवर काळा डाग. मी तो दोरा बोटानं खाली ओढला. तोंडावर लाल उजेड आला. सोडला, गेला. ओढला, आला.

बाबा दाराशी येऊन उभे होते. म्हणाले, "वढ पुन्यांदा." मी ओढला. "सोड." मी सोडला. मागून माय भांडी बाजूला सारून पुढे वाकली होती. तिनंही पाहिलं.  बाबांनी इंजिन बंद केलं आणि मला म्हणाले, "मोठ्या भाऊसमोर नको बोलू हे. मी पायतो मंग." मंग म्हणजे कधी ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मंगवर मी आयुष्य काढलं असतं तर आज चुलीपुढेच असते.

सगळं उलगडलं ते नंतर, पण इथेच सांगते. मोठीमायच्या माहेरची रीत अशी की कुवारी पोरगी शिवेबाहेर जात असेल, तर तिच्या वाहनाला घरच्या उंबरठ्याची माती, बिब्बा आणि लोखंड एका पुडीत घालून बांधायचं. बैलगाडीला आसाला, म्हणजे चाकांमधल्या दांड्याला, बांधत. ती पुडी कोणाच्या नजरेला पडू नये आणि कोणी तोंडातून काढू नये, नाही तर गुण जातो. आणि पोरगी घरी आली की दिवेलागणीच्या आत सोडायची. लग्नाला कोंढ्यात पोचल्यावरही तिनं ती सोडून कमरेला खोचली होती, म्हणून परतताना बत्ती गप्प. मोटारीला आस कुठे सापडणार? मोठीमायनं चाचपून पाहिलं, हाताला तारांचा जुडगा लागला, तिथे बांधली. रोज बांधायची, रोज ओढून सोडायची. अशी ती तार घासत गेली. तेलाच्या बटणापासून बत्तीकडे येणारी हीच ती तार. लोखंडाला टेकली की बत्तीला वाटतं तेलाचा दाब गेला. आणि बत्ती लागते असं कळल्यावर मोठीमायनं काय करावं? तिनं पुडी जड केली. आधी एक खिळा होता, मग दुसरा आला, मग घोड्याची अर्धी नाल. बत्ती जितकी लागायची तितकी पुडी जड, आणि पुडी जितकी जड तितकी बत्ती लागायची. मी घरी बसले तेव्हा पुडी बंद, आणि बत्तीही बंद. ती मला वाचवत होती आणि मीच बुडत होते. यात हसण्यासारखं खूप आहे, पण मोठीमायवर मला हसवत नाही. बाकीच्यांवर हसते.

मोठेबाबा परत आले त्या सकाळी बाबा तलावावर निघून गेले. मुद्दाम गेले असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी जाळं टाकायचा वार नव्हता. मी ओसरीवर जाऊन सांगितलं की बत्ती कशानं लागते ते मला माहीत आहे. मोठेबाबांनी वर पाहिलं नाही. मी म्हटलं, माझं नाव शाळेतून कापून राहिले, एकदा पाहून घ्या, मग नाही म्हणा. मोठीमायला विचारलं, तू तिथं खाली काय बांधतेस? ती आधी सांगेना, तोंडातून काढायची नव्हती ना ती गोष्ट. मग माझ्या तोंडाकडे पाहून उठली आणि तांदळाच्या मडक्यामागून पुडी काढून आणली. मामाला मोटार चालू करायला लावली. इंजिन घरघरू लागलं, बत्ती विझलेली. मी पुडी बांधली. बत्ती लागली. सोडली. विझली.

मोठीमाय खांबाला धरून खाली बसली. "माह्या पुडीनं?" एवढंच म्हणाली. "म्या त तुह्या जीवासाठी बांधत होती बाई."

आणि मोठेबाबा काय म्हणाले असतील? गावचे दोन तलाव ज्यांच्या हातात, त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "तिनं हात लावला म्हणून लागली. मी हेच त सांगून राहिलो."

मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला कळलं की माणसाला पुरावा दाखवून काही होत नाही. तो पुराव्यालाही खिशात घालतो. मला रडू फुटणार तेवढ्यात माय चुलीपासून उठली. माझी माय, जी मोठेबाबांसमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढल्याशिवाय कधी आली नव्हती, ती हात पुसत अंगणात आली, माझ्या हातातली पुडी घेतली आणि मामापुढे धरली. "तुम्ही बांधा, धनराजभाऊ. तुमच्या हाताले त काही नाही झालं ना?"

मामानं मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांनी आभाळाकडे. मामानं वाकून पुडी बांधली, आणि त्याच्या काळ्या चष्म्यात दोन लाल ठिपके उमटले. माय म्हणाली, "मंग आता तुम्हीबी घरी बसान का?" आणि पुन्हा चुलीकडे गेली, भात लागत होता.

सांजेला बाबा आले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, त्या तारेला घट्ट गुंडाळली, वरून दोरी बांधली आणि तार लोखंडापासून दूर एका बाजूला अडकवून टाकली. जेवणाला हाक मारेपर्यंत काम झालं होतं. बाबूलाल मिस्त्री अख्खं इंजिन उतरवणार होता. धनराजमामा दोन दिवस फुगून बसला, जेवायला मात्र वेळेवर उठायचा, मग कोंढ्याला निघून गेला आणि मोटार बाबांकडे आली. गावात मोठेबाबांनी सांगितलं की पंप खराब होता, तो बदलला, आणि नारळही लागू पडला.

माझ्या शाळेचं त्यांनी असं केलं की जाऊ दे तिला, पण मागं बसून. काहून ते विचारायची सोय नव्हती. पुडी नाही, मामा नाही, बत्ती नाही, पुढची सीट अर्धी रिकामी, आणि मी मागे मासोळ्यांमधे उपड्या टोपल्यावर. मोठीमायनं नवी पुडी शिवली ती माझ्या दप्तरात घातली, नालेचा तुकडा काढून, हलकी. ती मी लग्न होईपर्यंत वागवली. मॅट्रिकपावेतो गेले, पुढचं जे काही वाचलं-लिहिलं ते घरातली भांडी घासून झाल्यावर, माझं मी.

बाबांनी मात्र एक केलं. गाव मागे पडलं, शिवेवरची चिंच आली की ते मोटार थांबवायचे आणि मागे न पाहता म्हणायचे, ये पुढं. मी पुढे यायची. पूल, नदी, भंडारा, सगळं मी पुढून पाहायची. आणि सांजेला परतताना त्याच चिंचेखाली मोटार पुन्हा थांबायची. जा मागं. मी उतरून मागे जायची, आणि आम्ही गावात शिरायचो, जसं काही झालंच नाही. तेव्हा मला त्यांची चीड यायची. सकाळी ज्या झाडाखाली बाप वाटायचा, सांजेला त्याच झाडाखाली मोठेबाबांचा धाकटा भाऊ वाटायचा. आज मी त्यांच्या त्या वयाहून कितीतरी म्हातारी आहे, तरी ती चीड पूर्ण गेली असं म्हणणार नाही. म्हातारपणी सगळं माफ करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी करावं.

प्रशांतच्या बत्तीचं राहिलंच सांगायचं. मी त्याला म्हटलं, बत्ती लागली त्याच्या आदल्या दिवशी तू काय केलंस तेवढं आठव. तो आठवत बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा चेहरा बदलला. रविवारी तो गाडी धुतो, आणि हौशीनं बॉनेट उघडून इंजिनावरही पाण्याचा पाइप मारतो. सोमवारी बत्ती. एका तारेच्या जोडात पाणी शिरत होतं, वाळलं की विझत होती. मशीन लावायचा दिवस यायचा तोवर वाळलेली असायची. आता इंजिन धूत नाही, आणि ती पिवळी बत्ती पुन्हा लागलेली नाही. सून माझ्याकडे नव्यानं पाहते. झिंगे भाजू देत नाही, तो भाग वेगळा.

पण मी सांगत होते ते चिंचेचं. एका सांजेला, धानाचे रोवणे आटोपले होते, बांधावर पाणी चमकत होतं, बाबांनी मोटार थांबवली आणि म्हणाले, "जा मागं." मी दप्तर मांडीवर घेतलं आणि तशीच बसून राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी समोर पाहत होते. बाबांनी एकदा चिंचेकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि मग गियर टाकला.

आमच्या अंगणात मोटार शिरली तेव्हा मोठेबाबा ओसरीवर बसले होते. ते उठून चपला न घालता खाली आले, मोटारीजवळ आले, खिडकीत वाकले. मला वाटलं आता काय बोलतात. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. इंजिन चालू होतं, आणि ते माझ्या मांडीवरून मान लांबवून, डोळे बारीक करून, ती विझलेली बत्ती पाहत होते. कितीतरी वेळ पाहत होते. मीही दप्तर सावरून बसले. म्हटलं, पाहा, सावकाश पाहा.